फाटकाबाहेरचे आकडे

अमेरिकेच्या शिक्षण खात्याने 2018 साली एक आकडा जाहीर केला. 2015-16 या शैक्षणिक वर्षात देशातल्या जवळपास 240 शाळांमध्ये गोळीबाराची किमान एक घटना घडली, असं त्यात म्हटलं होतं. आकडा शाळांनीच भरून दिलेला, वर सरकारी शिक्का; शंका घ्यायला जागा नव्हती. एनपीआर या रेडिओसंस्थेच्या वार्ताहरांनी मात्र एकेका शाळेला विचारायला सुरुवात केली. घडली असं खात्रीने म्हणता येईल अशा घटना निघाल्या 11. दोन-तृतीयांश ठिकाणी तसं काही घडलंच नव्हतं, आणि सुमारे पाव शाळांनी उत्तरच दिलं नाही. ओहायोतल्या क्लीव्हलंडच्या स्कूल डिस्ट्रिक्टच्या नावावर 37 घटना होत्या. शोध घेतल्यावर कळलं की तो आकडा शेजारच्या प्रश्नाचा होता. शाळेत चाकू किंवा बंदूक सापडल्याचे प्रसंग किती, या प्रश्नाचं उत्तर भलत्या ओळीत पडलं होतं.

या बातमीचा वापर दोन्ही बाजूंनी आपापल्या सोयीने केला. बंदुकांवर निर्बंध नकोत म्हणणारे म्हणाले, बघा, सगळंच फुगवलेलं आहे. निर्बंध हवेत म्हणणारे म्हणाले, 11 काय कमी आहेत? सार्वजनिक आरोग्याच्या आकडेवारीवर ज्यांचं पोट आहे त्यांना या भांडणाचा कंटाळा येतो. आकडा लहान की मोठा यापेक्षा तो कोणत्या प्रश्नाचं उत्तर म्हणून मोजला गेला हे आधी बघायची सवय आमच्या कामात लागते, आणि त्या सवयीने पाहिलं की शाळांमधल्या गोळीबाराचा वाद मुळातच आखूड कापडावर चाललेला दिसतो. माझं म्हणणं थोडक्यात असं : शाळा किती सुरक्षित हे शाळेच्या कुंपणाच्या आत मोजून कळत नाही. तिथेच मोजत राहिल्यामुळे पैसा, कायदे आणि पालकांची काळजी हे सगळं चुकीच्या दाराशी जाऊन थांबलं आहे.

आधी व्याख्यांचा गुंता सोडवून टाकू. 14 फेब्रुवारी 2018 रोजी फ्लोरिडातल्या पार्कलंडच्या मार्जरी स्टोनमन डग्लस हायस्कूलमध्ये 17 जण मारले गेले. त्याच दिवशी ‘या वर्षातला हा अठरावा शालेय गोळीबार’ हे वाक्य सगळीकडे फिरलं. वर्षाला दीड महिनाच उलटला होता. आकडा एव्हरीटाउन या निर्बंधवादी संघटनेचा होता. वॉशिंग्टन पोस्टने तो तपासला तेव्हा त्यात मिशिगनमधल्या एका शाळेच्या पार्किंगमध्ये एका प्रौढ माणसाने स्वतःवर गोळी झाडल्याची घटना निघाली. ती शाळा कित्येक महिन्यांपूर्वीच बंद झालेली होती. एव्हरीटाउनने ती नोंद नंतर काढून टाकली. पण संघटनेची व्याख्या लपवलेली नव्हती. शाळेच्या आवारात कुठेही, कुठल्याही कारणाने बंदूक उडाली की ती मोजायची, असं तिने आधीच सांगितलेलं होतं. पार्कलंडनंतर सुरू झालेला के-ट्वेल्व्ह स्कूल शूटिंग डेटाबेस तर याहून पुढे जातो. बंदूक नुसती रोखली गेली किंवा बाहेरून आलेली गोळी शाळेच्या भिंतीला लागली तरी त्यात नोंद होते. एफबीआयची ‘ॲक्टिव्ह शूटर’ ही व्याख्या दुसऱ्या टोकाची. लोक असलेल्या जागी माणसं मारत सुटलेला हल्लेखोर तिला अभिप्रेत आहे. टोळीयुद्ध आणि घरगुती भांडणं तिच्यातून वगळलेली. 2021 साली या व्याख्येत बसणाऱ्या घटनांमध्ये हल्लेखोर सोडून 103 माणसं मेली. हल्लेखोराखेरीज चार किंवा अधिक जणांना गोळी लागली की सामूहिक गोळीबार, ही गन व्हायलन्स आर्काइव्हची व्याख्या घेतली, तर त्याच वर्षी मेलेले 706 होतात.

यात खोटं कुणीच बोलत नाही. पोलिसांना प्रशिक्षण कशाचं द्यायचं हे ठरवायचं असेल तर एफबीआयची व्याख्या कामाची. एखाद्या भागातल्या मुलांना रोज काय ऐकू येतं हे जाणून घ्यायचं असेल तर भिंतीला लागलेली गोळीही मोजली पाहिजे. गडबड होते ती एका कामासाठी बेतलेली व्याख्या दुसऱ्या कामाला लावल्यावर. विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांची सरकारी मोजणी ज्यांनी जवळून पाहिली आहे त्यांना हे नवं वाटणार नाही. जमीन कुटुंबाच्या नावावर होती का, कर्ज बँकेचं होतं की आणखी कुणाचं, यावरून मेलेला माणूस ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ ठरतो, आणि मदत देण्यासाठी आखलेला निकष हळूहळू आत्महत्यांच्या मोजणीचाच निकष होऊन बसतो.

आता या सगळ्या व्याख्या बाजूला ठेवून मृत्यूच्या दाखल्यांकडे वळू, कारण आमच्या कामात तिथूनच सुरुवात होते. अमेरिकेत प्रत्येक मृत्यूच्या दाखल्यावर कारणाचा एक आंतरराष्ट्रीय सांकेतिक क्रमांक पडतो. बंदुकीने केलेली आत्महत्या एक्स 72 ते 74, खून एक्स 93 ते 95, अपघात डब्ल्यू 32 ते 34. कोरोनर किंवा मेडिकल एक्झामिनरचा निर्णय, तिथून राज्याचं कार्यालय, तिथून सीडीसी ही संघराज्याची सार्वजनिक आरोग्याची संस्था. ही साखळी कंटाळवाणी आहे आणि तिचा मोठा गुण तोच. ‘शालेय गोळीबार’ म्हणजे काय यावर इथे कुणाला मत द्यावं लागत नाही. या साखळीतून 2021 साठी बाहेर पडणारा आकडा आहे 48,830. त्यात 26,328 आत्महत्या, 20,958 खून. 2023 साली एकूण आकडा 46,728 वर उतरला, कारण खून बरेच कमी झाले. आत्महत्या मात्र वाढून 27,300 झाल्या. वर सांगितलेली सर्वांत सैल व्याख्या घेतली तरी सामूहिक गोळीबारांचा वाटा यात दीड टक्क्याच्या आत राहतो. टीव्हीवर ज्याची चर्चा होते आणि दाखल्यांवर जे लिहिलेलं असतं, त्यांच्यात एवढं अंतर आहे.

मुलांपुरतं पाहिलं तरी चित्र बदलत नाही, पण इथे एक रास्त आक्षेप येतो आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. अमेरिकेत मुलांच्या मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण आता बंदूक आहे, हे विधान 2022 पासून वारंवार केलं जातं. आक्षेप घेणारे म्हणतात की त्यासाठी 1 ते 19 हा वयोगट घेतला आहे. 18 आणि 19 वर्षांचे तरुण ही ‘मुलं’ कशी? आणि एक वर्षाच्या आतली बाळं का वगळली? दोन्ही प्रश्न बरोबर आहेत. बाळं धरली तर जन्मजात दोष आणि प्रसूतीच्या वेळच्या गुंतागुंती पहिल्या क्रमांकावर जातात. ती वगळण्याचं कारण असं की त्या मृत्यूंची कारणं आणि त्यांवरचे उपाय यांची जातकुळीच वेगळी आहे. पण कारण सांगितलं पाहिजे, आणि बऱ्याच वेळा ते सांगितलं जात नाही. 18-19 वर्षांचे काढून टाकले तरी 1 ते 17 या गटात 2020, 2021 आणि 2022 या तिन्ही वर्षी बंदूकच पहिली येते, फरक मात्र कमी होतो. अगदी लहानांत, 1 ते 4 वर्षांच्या मुलांमध्ये, पहिलं कारण पाण्यात बुडणं हे आहे. म्हणजे ‘मुलं’ हा शब्दच एवढा ऐसपैस आहे की त्यात दोन वर्षांचं बाळ आणि सतरा वर्षांचा मुलगा शेजारी शेजारी बसतात. 2021 साली अठरा वर्षांखालची 2,590 मुलं बंदुकीने मेली. 2019 साली हा आकडा 1,732 होता. 2021 च्या मृत्यूंत सुमारे 60 टक्के खून, 32 टक्के आत्महत्या आणि 5 टक्के अपघात होते. मेलेल्यांपैकी 46 टक्के मुलं कृष्णवर्णीय होती, आणि या वयाच्या लोकसंख्येत त्यांचा वाटा 14 टक्क्यांच्या आसपास आहे. ज्या उपनगरी शाळांची छायाचित्रं आपल्याला आठवतात तिथली ही मुलं नव्हती.

यांतली शाळेत किती मेली? शिक्षण खातं आणि न्याय खातं मिळून शालेय गुन्ह्यांचा जो अहवाल काढतात, त्यात 1992 पासून दरवर्षी जवळजवळ तेच दिसतं. शालेय वयाच्या मुलांचे जे खून होतात, बंदुकीने असोत वा अन्य कशाने, त्यांतले शाळेत किंवा शाळेच्या वाटेवर होणारे तीन टक्क्यांच्याही आत असतात. हा आकडा नुसता सांगितला तर त्याचा अर्थ लागत नाही. तो वेळेशी ताडून पाहावा लागतो. मूल वर्षाला साधारण 180 दिवस, रोज सहा-सात तास शाळेत असतं. हे बाराशे तास झाले, म्हणजे वर्षातल्या एकूण 8,760 तासांपैकी सुमारे 14 टक्के. झोपेचे तास वजा केले तर जागेपणीच्या वेळेचा पाचवा हिस्सा किंवा थोडा अधिकच. धोका सगळीकडे सारखा असता तर पाचातला एक खून शाळेत झाला असता. होतो तो शंभरातल्या तिनांपेक्षाही कमी. मुलाच्या दिवसातला सर्वांत सुरक्षित काळ तो शाळेत असतानाचा आहे. घर, गल्ली, मित्राचं घर, रात्र या जागांचा आणि वेळांचा धोका कितीतरी जास्त आहे.

इथवर आलं की बंदुकांचे समर्थक खूश होतात आणि माझ्या बाजूचे लोक अस्वस्थ. ‘म्हणजे शाळांची भीती खोटी?’ मला तसं म्हणायचं नाही. विरळा असणं आणि क्षुल्लक असणं यांत फरक आहे. विमान पडणंही विरळाच. म्हणून विमानतळावरची तपासणी आपण बंद करत नाही. शिवाय मृतांची संख्या हे नुकसानाचं एकमेव माप नव्हे. कोलंबाइन हायस्कूलमधल्या हल्ल्यापासून, म्हणजे एप्रिल 1999 पासून, शाळेच्या वेळेत जिथे गोळीबार झाला अशा शाळांमध्ये त्या दिवशी किती विद्यार्थी होते, याची वॉशिंग्टन पोस्टने केलेली मोजणी साडेतीन लाखांच्या वर गेली आहे. त्यांच्यातल्या बहुतेकांच्या अंगाला ओरखडाही आला नसेल, पण बाकाखाली दडून त्यांनी जे ऐकलं ते कुठल्याच दाखल्यावर येत नाही. ‘वीज पडून मरण्याची शक्यता यापेक्षा जास्त’ असं सांगून ज्यांना वाद मिटवायचा असतो त्यांना एवढंच विचारायचं, की इतर श्रीमंत देशांतल्या शाळांतही वीज पडतेच, मग हे तिथे का होत नाही? विरळेपणाचा मुद्दा मला मान्य आहे तो खर्चाचा हिशेब करण्यापुरता. सुमारे एक लाख सरकारी शाळा आणि पाच कोटींच्या घरातले विद्यार्थी असलेल्या देशात, अमुक एका शाळेवर या वर्षी हल्ला होण्याची शक्यता नगण्य असताना, प्रत्येक शाळेचं दार मजबूत करणं हा उपाय सर्वांत महाग आणि सर्वांत कमी उपयोगाचा ठरणार, एवढाच त्यातून निष्कर्ष निघतो.

आणि अमेरिकेने नेमका तोच उपाय निवडला. 2015-16 पर्यंतच सुमारे 95 टक्के सरकारी शाळा मुलांकडून लॉकडाउन ड्रिल करून घेत होत्या. दिवा बंद करायचा, दाराला कडी लावायची, खिडकीतून दिसणार नाही अशा कोपऱ्यात चिडीचूप बसायचं. बालवाडीतल्या मुलांनाही हे येतं. त्यावर कॅमेरे, गोळी न भेदणारी काच, धातुशोधक कमानी आणि सशस्त्र पोलीस. पोलिसांचा मुद्दा जरा सविस्तर बघण्यासारखा आहे, कारण इथे दोन्ही बाजू आकडे चुकीचे वापरतात. 2021 साली जामा नेटवर्क ओपन या वैद्यकीय नियतकालिकात 1980 ते 2019 मधल्या 133 घटनांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सशस्त्र रक्षक असलेल्या शाळांमध्ये मृत्यूंचं प्रमाण 2.83 पट जास्त असल्याचं त्यात आढळलं. हे वाक्य लगेच फलकांवर गेलं. रक्षकांमुळे मृत्यू वाढतात, असं त्यावरून म्हणता येत नाही. मोठ्या शाळा, आधीच धोका जाणवलेल्या शाळा रक्षक ठेवतात. आणि या पाहणीत फक्त ज्या शाळांवर हल्ला झाला किंवा होता होता राहिला त्या आहेत, रक्षक पाहून ज्याने बेत सोडून दिला तो मुलगा तिच्यात सापडणारच नाही. तिच्यावरून म्हणता येतं ते एवढंच, की रक्षक असले की जीव वाचतात या दाव्याला तिथे आधार मिळत नाही. घटना पाहिल्या तर याचं नवल वाटू नये. कोलंबाइनमध्ये सशस्त्र पोलीस होता, त्याने गोळ्याही झाडल्या. पार्कलंडमध्ये होता, तो इमारतीत शिरला नाही. टेक्ससमधल्या युवाल्डीच्या रॉब प्राथमिक शाळेत 24 मे 2022 रोजी वेगवेगळ्या खात्यांचे 376 अधिकारी जमले, आणि वर्गात शिरायला 77 मिनिटं लागली. 19 मुलं आणि 2 शिक्षिका मेल्या. उलट 2023 साली नॅशव्हिलमधल्या एका शाळेत पोलीस थेट आत घुसले आणि हल्ला लवकर थांबला. तरीही तोवर तीन मुलं आणि तीन प्रौढ गेलेले होते. पोलिसांनी धाव घ्यावी ती नॅशव्हिलसारखीच. पण त्या धावेची वेळ येते तेव्हा बराच उशीर झालेला असतो.

मग बंदूक शाळेत पोहोचते कशी? या प्रश्नाचं उत्तर चांगलं ठाऊक आहे आणि ते शोधलं सीक्रेट सर्व्हिसने. ही राष्ट्राध्यक्षाच्या रक्षणाची यंत्रणा; हल्ला करणारा माणूस आधी कसा वागतो हे ओळखणं हा तिचा धंदा. तिने शिक्षण खात्याबरोबर 1974 ते 2000 मधल्या 37 हल्ल्यांचा अभ्यास केला. दोन-तृतीयांशांहून अधिक हल्लेखोरांनी बंदूक स्वतःच्या किंवा नातेवाइकाच्या घरातून आणली होती. 81 टक्के घटनांत किमान एका तरी व्यक्तीला, बहुधा बरोबरीच्या मुलाला, बेत आधी माहीत होता. 2019 साली तिने 2008 ते 2017 मधल्या 41 हल्ल्यांवर पुन्हा अहवाल काढला. तिथेही बंदूक वापरणाऱ्यांपैकी तीन-चतुर्थांशांनी ती आईवडिलांच्या किंवा जवळच्या नातेवाइकाच्या घरून आणलेली, आणि साधारण निम्म्या प्रकरणांत ती सहज हाती लागेल अशी ठेवलेली. सँडी हूक प्राथमिक शाळेत 20 मुलांना आणि 6 मोठ्यांना मारणाऱ्याच्या बंदुका आईच्या होत्या. टेक्ससच्या सँटा फे हायस्कूलमध्ये बंदुका वडिलांच्या. मिशिगनच्या ऑक्सफर्ड हायस्कूलमध्ये पंधरा वर्षांच्या मुलाला वडिलांनी हल्ल्याच्या चारच दिवस आधी पिस्तूल घेऊन दिलेलं होतं. त्या सकाळी शाळेने आईवडिलांना बोलावून मुलाने काढलेलं चित्र दाखवलं. त्यांनी त्याला घरी नेलं नाही, शाळेनेही दप्तर तपासलं नाही. 2024 साली दोघा पालकांना सदोष मनुष्यवधासाठी शिक्षा झाली.

म्हणजे जी बंदूक शाळेत येते ती बहुतेक वेळा घरातूनच आलेली असते. तिच्यानेच पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा स्वतःच्या खोलीत स्वतःला संपवतो, आणि तिच्याशीच खेळताना पाच वर्षांचा भाऊ तीन वर्षांच्या बहिणीवर गोळी झाडतो. बंदुकीने मेलेल्या मुलांत आत्महत्या आणि अपघात मिळून एक-तृतीयांशाहून जास्त, हे वर आलंच आहे. ज्या घरांत भरलेली आणि कुलूप नसलेली बंदूक आहे अशा घरांत राहणारी मुलं सुमारे 46 लाख आहेत, असा संशोधकांचा अंदाज आहे. कुलूप, म्हणजे गन सेफ किंवा ट्रिगर लॉक, हे काही क्रांतिकारक मागणं नव्हे. रँड कॉर्पोरेशन ही संस्था बंदूकविषयक कायद्यांवरचं संशोधन वर्षानुवर्षं चाळते आणि बहुतेक कायद्यांबद्दल ‘पुरावा अपुरा’ असा शेरा मारते, इतकी ती काटेकोर आहे. मुलांच्या हाती बंदूक लागू नये यासाठीच्या कायद्यांनी मुलांच्या आत्महत्या आणि अपघात कमी होतात, याला मात्र तिने ठोस आधार असल्याचं म्हटलं आहे.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप पार्कलंड आणि युवाल्डीचा. पार्कलंडचा हल्लेखोर 19 वर्षांचा होता, युवाल्डीचा 18 वर्षांचा. दोघांनी रायफली दुकानातून रीतसर विकत घेतल्या होत्या. घरातलं कुलूप तिथे निरुपयोगी ठरलं असतं. हे खरं आहे. सर्वांत जास्त माणसं मारणाऱ्या हल्ल्यांपैकी काही या जातीचे आहेत, त्यामुळे ‘कुलूप लावा म्हणजे प्रश्न सुटला’ असं सांगणारा फसवतो. पण इथेही निर्णय शाळेच्या फाटकावर झाला नाही, दुकानाच्या काउंटरवर झाला. फ्लोरिडाच्या रिपब्लिकन बहुमताच्या विधिमंडळाने पार्कलंडनंतर तीन आठवड्यांत बंदूक खरेदीचं वय 21 केलं आणि धोकादायक माणसाकडून न्यायालयाच्या आदेशाने बंदूक काढून घेण्याची सोय केली. त्याच कायद्यात शाळेत सशस्त्र रक्षक नेमण्याची तरतूदही होती. राजकारणात असा सौदा करावा लागतो आणि मला त्यात वावगं दिसत नाही.

दुसरा आक्षेप स्वसंरक्षणाचा. रात्री चोर शिरला तर कुलूप उघडत बसायचं का? बंदुकीने वर्षाला 25 लाख वेळा स्वसंरक्षण होतं, हा गॅरी क्लेक यांच्या 1995 च्या पाहणीतला आकडा यासाठी पुढे केला जातो. सरकारच्या गुन्हेपीडितांच्या पाहणीत हाच आकडा एक लाखाच्या आगेमागे येतो. एवढी तफावत पडण्याचं कारण या धंद्यातल्यांना ओळखीचं आहे. विरळा गोष्ट फोनवरून काही हजार लोकांना विचारली, आणि शंभरातल्या एकाने जरी चुकून किंवा फुशारकीने ‘हो’ म्हटलं, तरी देशभराचा गुणाकार करताना त्या एकाचे लाखो होतात. हार्वर्डच्या डेव्हिड हेमनवे यांनी हे दाखवून दिलं आहे. पण खरा आकडा लाखभर असला तरी लाख म्हणजे शून्य नव्हे, आणि बोटाच्या ठशाने दोन सेकंदांत उघडणाऱ्या पेट्या बाजारात आहेत. कायद्याचं म्हणाल तर 2008 च्या हेलर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वॉशिंग्टन शहराचा घरातली बंदूक कायम निकामी ठेवण्याचा नियम रद्द केला, कारण त्याने स्वसंरक्षणच अशक्य होत होतं. अपघात टाळण्यासाठी बंदूक कशी ठेवावी याचे नियम मात्र या निकालाने बाद होत नाहीत, असंही त्याच निकालपत्रात लिहिलेलं आहे. ते लिहिणारे न्यायमूर्ती स्कालिया होते, बंदूकवाल्यांचे लाडके. तिसरा आक्षेप असा की ज्याला मरायचं आहे तो दुसरी वाट शोधेल. काही शोधतीलही. पण बंदुकीने केलेल्या दहातल्या नऊ प्रयत्नांत माणूस मरतो. औषधाच्या गोळ्या खाणाऱ्यांतले बहुतेक वाचतात, आणि वाचलेल्यांतले बहुसंख्य पुढे आत्महत्येने मरत नाहीत. सोळाव्या वर्षी तर एक रात्र टळणं फार मोलाचं असतं.

हे सगळं आधी का कळलं नाही, याचं एक कारण सरळ पैशाचं आहे. 1993 साली आर्थर केलरमन यांच्या अभ्यासात घरात बंदूक असण्याचा संबंध घरातल्या खुनाच्या वाढत्या धोक्याशी दिसला. अभ्यासाला पैसा सीडीसीचा होता. 1996 साली अर्कान्सोचे खासदार जे डिकी यांच्या नावाने ओळखली जाणारी दुरुस्ती आली : सीडीसीने बंदूकनियंत्रणाच्या प्रचारासाठी पैसा वापरू नये. शब्दशः संशोधनावर बंदी नव्हती. पण सीडीसीच्या अंदाजपत्रकातून 26 लाख डॉलर कापले गेले, आणि आदल्या वर्षी या विषयावरच्या संशोधनाला नेमके तेवढेच खर्च झाले होते. सरकारी नोकरीत असा इशारा कुणाला समजावून सांगावा लागत नाही. वीस वर्षांहून अधिक काळ हा विषय जवळजवळ पडून राहिला. डिकींनी स्वतः 2012 साली मत बदललं आणि संशोधन व्हायला हवं असं जाहीरपणे लिहिलं. अडीच कोटी डॉलरची तरतूद झाली ती 2020 च्या अंदाजपत्रकात. मोटार अपघातांचं याच्या अगदी उलट झालं. 1975 पासून अमेरिकेत प्रत्येक प्राणघातक अपघाताची तपशीलवार नोंद राष्ट्रीय यंत्रणेत होते : गाडी कोणती, पट्टा लावला होता का, रस्ता कसा होता. त्या नोंदींच्या आधारावर पट्ट्याची आणि बाळांच्या खुर्च्यांची सक्ती, एअरबॅग आणि तरुणांचे टप्प्याटप्प्याने मिळणारे परवाने आले आणि मुलांचे मृत्यू घटले. मोटारी कुणी काढून घेतल्या नाहीत.

शाळेपेक्षा घरातला धोका मोठा, हा हिशेब अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही लागू पडतो. घर घेताना शाळेचं रेटिंग बघितलं जातं, पुण्याहून किंवा नाशिकहून आजीचा फोन येतो तोही शाळेबद्दलच. मुलाला प्लेडेटला सोडताना मात्र ‘तुमच्या घरात बंदूक आहे का, आणि ती कुलपात आहे का’ हा प्रश्न बहुतेकांच्या तोंडून निघत नाही. शेंगदाण्याची ॲलर्जी सांगितली जाते, कुत्रा आहे का हेही विचारलं जातं. बंदुकीचं विचारणं म्हणजे समोरच्याच्या चारित्र्यावर शंका घेणं, आणि आपण बाहेरून आलेले, असा संकोच त्यामागे असतो. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना हा प्रश्न बिनदिक्कत विचारा असं वर्षानुवर्षं सांगत आली आहे. डॉक्टरांनी तो विचारणं फ्लोरिडाला एवढं खटकलं की 2011 साली तिथे त्याविरुद्ध कायदाच झाला. 2017 साली संघराज्याच्या अपील न्यायालयाने त्यातला बराचसा भाग रद्द केला.

बंदूक कशी ठेवावी याचा देशभर लागू होणारा कायदा आजही नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये आहे, ऑरेगनने 2021 साली केला, मिशिगनने 2023 साली. तो पाळला जातो की नाही हे पोलीस घरात शिरून बघू शकत नाहीत, बघूही नये. काही घडल्यानंतरच तो वापरला जातो, हा त्यावरचा आक्षेप मला खोडता येत नाही. वागणं बदललं का हे त्यामुळे पाहणीतूनच कळणार. सीडीसी राज्यांच्या मदतीने दरवर्षी लाखो प्रौढांना फोन करून धूम्रपान, व्यायाम, मोटारीतला पट्टा याबद्दल विचारते. घरात बंदूक आहे का, ती भरलेली आहे का, कुलपात आहे का, हे प्रश्न त्या पाहणीत सगळ्या राज्यांमध्ये विचारले गेले ते 2002 आणि 2004 साली. त्यानंतर ते ऐच्छिक झाले. काही राज्यं विचारतात, बाकीची विचारत नाहीत.